माहेरी गेलेल्या एकोणीस जणी

बातमी लिहून झाली होती. हेडिंगसुद्धा मीच दिलं होतं, 'गरोदर माता फक्त कागदावर!' उद्गारचिन्हासकट. आता एकच ओळ बाकी होती. बातमी ज्या नर्सबाईंबद्दल होती, त्यांच्या तोंडची.

फोनवर अकोल्याहून आमचे वानखडे साहेब होते. ते आवृत्तीचे संपादक.

"पान एकला घेतोय," ते म्हणाले. "पण त्या बाईची बाजू पाहिजे. 'आरोप खोटे आहेत' म्हणाली तरी चालेल."

"फोनवर घेऊ का?"

"समोर बसून घे. नोकरी जाणार आहे तिची. उद्या म्हणेल, मला कुणी विचारलंच नाही. पाच वाजेपर्यंत पाठव."

म्हणून त्या एका ओळीसाठी मी सकाळी बुलढाण्याहून एसटीत बसले. बोथ्याचा घाट उतरून खामगाव, मग शेगाव, मग वरवट बकाल, आणि तिथून पुढं ऑटो. फाल्गुनातच ऊन असं होतं की ऑटोचा लोखंडी दांडा धरवत नव्हता. मनात मी त्या बाईंना मोजून शिव्या घातल्या. कामं करायची नाहीत, खोटी नावं लिहायची, वर आम्ही उन्हात फिरायचं!

मी बरीच वर्षं आरोग्य आणि राजकारण असा जोड बीट सांभाळते. बीट म्हणजे वार्ताहराला वाटून दिलेला विषय. शहरातल्या लोकांना वाटतं हे दोन वेगळे विषय आहेत. जिल्ह्यात तसं काही नसतं बाप्पा. दवाखाना कोणत्या गावात बांधायचा, ॲम्ब्युलन्स कुणाच्या दारात उभी राहील, कोणत्या डॉक्टरची बदली कधी होईल, यातलं एकही डॉक्टर ठरवत नाहीत. म्हणून मला दोन्हीकडच्या लोकांशी चहा प्यावा लागतो.

असाच चहा पिताना एका पुढाऱ्याच्या पीएने माझ्यापुढं एक पाकीट सरकवलं होतं. आत कॉम्प्युटरमधून काढलेली यादी. वरवट बकालच्या पुढच्या एका गावच्या उपकेंद्राची. उपकेंद्र ही सरकारी आरोग्यसेवेची सगळ्यात खालची पायरी. दोन खोल्या, एक नर्स, जिला एएनएम म्हणतात, आणि सोबतीला गावातल्या आशाताई. यादीत गरोदर बायांची नावं होती. नाव, नोंदणीची तारीख, आणि शेवटचा रकाना 'प्रसूतीचा तपशील'. एकोणीस नावांपुढं तो रकाना कोरा होता.

"एकोणीस बाया गायब," पीए म्हणाला. "नोंदणी झाली, बाळंतपण झालंच नाही. हवेत गेल्या का? टार्गेट दाखवाले खोटी नावं लिहते ती. निलंबनाचा प्रस्ताव तयार हाय ताई. बातमी आली की सही होते. आन असं उपकेंद्र तिथं ठेवून काय फायदा? आमच्या गावात हलवता येते न."

शेवटचं वाक्य त्याने चहाच्या घोटासोबत हळूच सोडलं. ते मी ऐकलं, नाही असं नाही. पण यादी सरकारी होती, रकाने कोरे होते. मला वाटलं, याचा स्वार्थ असेल, तरी आकडा तर खरा आहे.

उपकेंद्रात पोहोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. नसीम सिस्टर चाळिशीपार, ठेंगणी, चष्म्याला एका बाजूनं चिकटपट्टी. एका पोरीच्या पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल बघत होत्या. मला बसा म्हणाल्या. गावची आशा दुर्गाताईने चहा आणला, एकच कप.

"सिस्टर, तुम्ही?"

"माहा रोजा हाय न मॅडम. तुमी घ्या."

पोरगी गेल्यावर मी यादी त्यांच्यासमोर ठेवली. पेन काढलं. म्हटलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

त्यांनी यादी जवळ नेऊन वाचली. मला वाटलं होतं, रडतील, नाहीतर ओरडतील. त्यांनी नुसता चष्मा वर केला.

"हे कोनं देलं तुमाले?"

"ते सांगता येत नाही."

"नका सांगू. मले मालूम हाय." आणि मग पहिल्या नावावर बोट ठेवलं. "हे माहेरी गेली. तेल्हाऱ्याले. पोरगी झाली, अडीच किलो. हे बी माहेरी, नांदुऱ्याले. पोरगा. सिझर करा लागलं, टाके चांगले भरले. हे जळगाव जामोदले. हिले अजून टाइम हाय, पुढच्या महिन्याची तारीख हाय तिची."

"सिस्टर, असं कुणीही सांगेल."

"मंग लावा फोन."

भिंतीवर एक कॅलेंडर होतं. ज्या चौकोनात आपण गॅस कधी लावला ते लिहितो, त्या चौकोनांत नावं लिहिलेली. ज्या तारखेला बाळंतपण अपेक्षित, त्या तारखेत त्या बाईचं नाव, तिच्या माहेरचं गाव आणि दोन फोन नंबर. एकेका चौकोनात इतकं बारीक अक्षर, की मला कॅलेंडरला नाक लावून वाचावं लागलं.

"दोन नंबर कशाला?"

"एक बापाचा. दुसरा, त्या गावात जिथं रेंज येते त्याचा. दुकान असो, चक्की असो. दोन नंबर देल्याबिगर मी कोणाले माहेरी जाऊ देत नाही."

"जाऊच देत नाही? आणि त्या ऐकतात?"

दुर्गाताई हसल्या. "सासवा बी ऐकतात मॅडम. एकीनं नंबर नाही देला, तं सिस्टर तिच्या गाडीसमोर उभी राह्यली होती."

मी तीन नंबर लावले. मुद्दाम लांबलांबचे. पहिल्या घरी बाळ रडताना ऐकू आलं आणि बाळाचा मामा बोलला. दुसरीकडं खुद्द बाळंतीण बोलली. तिसरीकडं एक म्हातारी होती, ती माझ्यावरच उलटली. "तू कोन व्हय बाई? कालच त नसीम सिस्टरचा फोन आला होता. लेकरू दूध पेते, पोरीले ताप नाही, सगळं सांगतलं न! तुले आनखी कायले सांगू?" आणि फोन आपटला.

आता सांगते. माझं पहिलं बाळंतपण अकोल्याला, माझ्या आईकडं झालं. सासर चिखलीचं. सातव्या महिन्यात ओटी भरून मला माहेरी पोचवलं, आणि बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर मी परत आले. आमच्याकडं हिंदू असो, मुसलमान असो, पहिलटकरीण माहेरीच जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. माझं नावही चिखलीच्या कुठल्या तरी यादीत असंच कोऱ्या रकान्यासमोर पडून असणार. आणि मी, एवढ्या वर्षांची आरोग्य वार्ताहर, एकोणीस सुनांचे कोरे रकाने बघून एकदाही विचारलं नाही की या बाया माहेरी तर गेल्या नसतील? बाई असून मला सुचलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पण रकाना भरत का नाही तुम्ही?" मी विचारलं. आवाज आता वार्ताहराचा राहिला नव्हता.

"तिकडच्या दवाखान्याचा कागद लागते. तो कागद बाई परत येते तवाच येते, सव्वा महिन्यानं. काहीजणी तीन महिने येत नाही. मध्य प्रदेशातला कागद त आपल्या कॉम्प्युटरले समजतच नाही. आन मॅडम, गावच्या सुना जातात तशा गावच्या लेकी इथं येतात. त्याईचं बाळंतपण मीच पाहतो. पन त्याईची नावं त्याईच्या सासरच्या यादीत! माह्या यादीत गेलेल्या दिसतात, आलेल्या दिसत नाही."

"हे तुमच्या साहेबांना माहीत नाही?"

"सायबाच्या बायकोचं बी पयलं बाळंतपण माहेरीच झालं असन न," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

मी त्यांना विचारलं, एका वेळी किती जणींना फोन करता? त्यांनी हाताने उडवून लावलं. गेलेल्या सुनांना आठवड्यातून एकदा, तारीख जवळ आली की रोज. शिवाय आलेल्या लेकींच्या सासरच्या नर्सला कळवायचं ते वेगळं. रिचार्ज त्यांचाच, वेळही त्यांचाच. कुणी सांगितलेलं नाही. असा कुठला सरकारी आदेश नाही. मी जिल्हाभर योजनांची उद्घाटनं बघितली आहेत, फिती कापताना, नारळ फोडताना. इथं दोन खोल्यांत एक बाई एका कॅलेंडरवर अख्खी योजना चालवत होती आणि तिला नावसुद्धा नव्हतं.

"चौथा नंबर लावा न," सिस्टर म्हणाल्या. "मंग तुमचं समाधान होईन."

माझं समाधान कधीच झालं होतं. पण लावला. यादीतलं अकरावं नाव, सविता. माहेर सातपुड्याच्या पलीकडं, मध्य प्रदेशात. वडिलांचा फोन बंद. मी म्हटलं, जाऊ द्या, राहू द्या.

सिस्टरांनी माझ्या हातून कागद घेतला. "हिचा फोन मी परवा लावला होता. लागला नाही. काल बी नाही." त्यांचा चेहरा बदलला होता. "हिचं बीपी सातव्या महिन्यात एकशे चाळीस-नव्वद होतं. गोळी चालू करून देली होती."

त्यांनी सविताच्या नवऱ्याला फोन लावला. तो संत्र्याच्या बागेत कामावर होता.

"सवितासंग कवा बोलला तू?"

"तीन दिवस झाले सिस्टर. बरी हाय. डोकं दुखते म्हने जरासं."

"डोकं दुखते? आन तू मले आज सांगून राह्यला?"

"डोकंच त दुखते न सिस्टर..."

सिस्टरांनी फोन ठेवला आणि मला दोन वाक्यांत सांगितलं. गरोदरपणात बीपी वाढलं की आधी डोकं दुखतं, अंगावर सूज येते, डोळ्यांपुढं अंधारी येते. मग फिट येते, आणि तेव्हा आई आणि बाळ, दोघांचंही खरं नसतं.

सविताच्या माहेरच्या गावची नर्स ट्रेनिंगला गेलेली. मग कॅलेंडरवरचा दुसरा नंबर. तो निघाला त्या गावातल्या पिठाच्या चक्कीवाल्याचा. चक्की टेकडावर, रेंज तिथंच. फोनमध्ये चक्कीचा आवाज एवढा की सिस्टरांना ओरडून बोलावं लागलं. "भैया, वो तुकाराम की लडकी, सविता! जरा उसके घर जाओ. अभी के अभी. पूछना, दिखता कैसा है."

त्याने चक्की बंद केली. आवाज थांबलेला मला ऐकू आला. मग आम्ही वाट बघत बसलो. सिस्टर खुर्चीत बसल्या नाहीत. मी माझ्या यादीकडं बघितलं नाही. अर्धा तास गेला असेल-नसेल, पण मला तो दुपारभर वाटला.

चक्कीवाला धापा टाकत पुन्हा फोनवर आला. "बहनजी, वो तो खाट पे पडी है. पैर, मुंह, सब सूजा हुआ. बोलती है, धुंधला दिखता है. उसकी मां बोल रही, पहली बार में ऐसा होता है."

"कुछ नहीं होता ऐसा! सुनो, मेरी बात सुनो."

आणि मग त्या बाईंनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. आमच्याकडून १०८ लावला तर महाराष्ट्राची ॲम्ब्युलन्स लागते, म्हणून चक्कीवाल्याला त्याच्या फोनवरून लावायला सांगितलं. ॲम्ब्युलन्सला वर यायला वेळ लागणार, म्हणून त्याची पिठाची पोती वाहणारी पिकअप काढायला लावली. रस्त्यात गाठा, म्हणाल्या. पोरीला डाव्या कुशीवर निजवा, चहा-पाणी काही पाजू नका, आई सोबत पाहिजे, गोळ्यांचं पाकीट पिशवीत पाहिजे. मग माझ्याकडं हात केला. "मॅडम, तुमचा फोन द्या. माहा चक्कीवाल्यासाठी मोकळा ठेवा लागते."

माझ्या फोनवरून त्यांनी बुऱ्हाणपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची प्रसूती खोली गाठली. कशी गाठली? तिथल्या एका सिस्टरचा नंबर त्यांच्याकडं होता, मागच्या वर्षी दुसऱ्या एका सुनेसाठी मिळवलेला. सविताचं वय, महिने, तारीख, प्रत्येक भेटीतलं बीपी, सगळं न बघता सांगितलं. "फिट रोकने का इंजेक्शन तैयार रखना दीदी. पहुंचते ही." तिकडून कुणीतरी हो म्हणालं.

पाच वाजले. माझ्याच फोनवर वानखडे साहेब आले. सिस्टरांच्या हातून फोन घेऊन मी बाहेर अंगणात गेले.

"त्या बाईचा कोट कुठाय?"

"साहेब, बातमी काढा."

"अगं, पान लागलंय!"

"चुकीची आहे. बाया गायब नाहीत, माहेरी गेल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या. साहेब, वहिनींचं पहिलं बाळंतपण कुठं झालं होतं?"

"वर्ध्याला. तिच्या..." ते थांबले. मग एक मोठा सुस्कारा. "पान एकला काय लावू मग? माझा फोटो?"

"लावा. पण ही बातमी नको. आणि फोन ठेवा, लाइन पाहिजे."

आयुष्यात पहिल्यांदा मी संपादकाला फोन ठेवा म्हटलं. त्यांनी ठेवला.

आत गेले तर पिकअप निघाली होती. आता चक्कीवाला गाडी चालवत होता आणि त्याचा भाऊ फोनवर. जिथं रेंज जाई तिथं आवाज तुटे, आणि तुटला की सिस्टर फोन कानाला तसाच दाबून धरत. कुठलं वळण येतं, कुठं पुन्हा रेंज येते, हे त्या भावाला विचारून घेत होत्या. मला वाटतं, कधी न पाहिलेला तो रस्ता आता त्यांनाही पाठ झाला असेल.

ऊन उतरलं. गावातल्या मशिदीतून मगरिबची अजान झाली, रोजा सोडायची वेळ. दुर्गाताईने पाण्याचा ग्लास आणि खजूर आणून समोर ठेवला. सिस्टरांनी एक बोट वर केलं. थांब. कान फोनला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही त्या बाईंच्या पोटात, आणि ग्लासाकडं बघायलाही सवड नाही.

"मिल गई," तिकडून आवाज आला. "एम्बुलेंस मिल गई बहनजी. लिटा दिया उसको. चल दी."

तेव्हा त्या खाली बसल्या. फोन अजून कानालाच होता. मी खजुरातली बी काढून तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून ओठांत काहीतरी म्हटलं, खजूर तोंडात टाकला, आणि पाणी प्यायल्या. दिवसभरातलं पहिलं. मला रडू आलं. वार्ताहराने रडू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. पोरगी झाली, जरा कमी वजनाची, काचेच्या पेटीत ठेवलीय. फिट आली नाही. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी म्हणे सविताच्या आईला विचारलं, आणखी एक दिवस घरी ठेवली असती तर?

मी नवी बातमी लिहिली. यादीत सुना मोजतात, पण त्या बाळंतपणाला माहेरी जातात हे यादी करणाऱ्यांना ठाऊक नाही, एवढाच मुद्दा. ती आली पान पाचवर, कोपऱ्यात. पीएने फोन करून विचारलं, "ताई, काऊन असं केलं?" मी म्हटलं, "तुमच्या मिसेसला विचारा." निलंबनाच्या प्रस्तावावर सही झाली नाही. उपकेंद्र आहे तिथंच आहे. कुणी शाबासकी दिली म्हणाल तर, नाही.

उलट पंधरा दिवसांनी सिस्टरांना नोटीस आली. एकोणीस रकाने कोरे का ठेवले, लेखी खुलासा सादर करावा. समाधानकारक नसल्यास कारवाई. त्यांनी मला फोन केला. "मॅडम, तुमाले लेहाची सवय हाय. एवढं लेहून द्या न."

मी जीव ओतून लिहिलं. दोन पानं. माहेरची प्रथा, सव्वा महिना, राज्यांच्या सीमा, कागदांचा प्रवास, संवेदनशीलता वगैरे. एका परिच्छेदात तर मी सरकारलाच चार गोष्टी सुनावल्या होत्या. स्वतः घेऊन गेले. सिस्टरांनी चष्मा सावरून दोन्ही पानं मन लावून वाचली. म्हणाल्या, "लय छान लेहलं मॅडम. पन सायबाले एवढा टाइम नाही राहत."

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि एकोणीस नावं एकाखाली एक लिहिली. प्रत्येक नावापुढं माहेरचं गाव, बाळ, वजन. जिची तारीख अजून आली नव्हती, तिच्यापुढं तारीख. सवितापुढं बुऱ्हाणपूर. खाली एक ओळ, 'सर्व माता व बालके आजमितीस जिवंत आहेत.' आणि सही.

त्या नोटिशीवर पुढं काहीच आलं नाही.

माझी दोन पानं मी परत आणली, अजून घरी आहेत. तेव्हापासून दोन सवयी लागल्या. रकाना कोरा दिसला, की बातमी लिहिण्याआधी फोन लावते. आणि माझ्या बातम्या लहान झाल्या. डेस्कवर सगळे म्हणतात, वयामुळं आळशी झाली.